नंबर तोच, ऑइल वेगळं: शिरपूरच्या एका पिकअपचं प्रकरण

मागच्या मे महिन्यातल्या एका रविवारी जिभाऊंनी पिकअप माझ्या दारात आणून लावली, बोनेट उघडलं आणि डिपस्टिक ओढून माझ्या डोळ्यांपुढे धरली. "ऑइल कमी व्हत नही, उलटं वाढस. मंग इंजिन बेसच शे ना?"

काळं ऑइल वरच्या खुणेच्या अर्धं बोट वर चढलेलं होतं. दोन बोटांत चोळून पाहिलं तर पाण्यासारखं सटकत होतं. नाकाशी नेलं तर डिझेलचा वास. बंद चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, ऑइल आपोआप वाढत नसतं, वाढतंय म्हणजे त्यात दुसरं काहीतरी येऊन पडतंय. ते कुठून येतंय आणि अशा गाडीत ऑइल घालायचं तरी कोणतं, हे शोधण्यात आमचे पुढचे काही आठवडे गेले. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवतो, तरी यातल्या दोन-तीन गोष्टी मलाही पुन्हा नीट वाचाव्या लागल्या. शिरपूर, चोपडा, शहादा या पट्ट्यात केळी-पपईची भाडी मारणाऱ्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) पिकअप जागोजाग आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

गाडी आणि तिचं काम

गाडी २०२१ची. अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, कॉमन रेल, बीएस-६. फिल्टरसकट ६ लिटर ऑइल बसतं. काटा ८२,००० किलोमीटरवर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीत नव्हता.

जिभाऊ आमच्या भाऊबंदातले. तापीकाठी त्यांची केळी आहे, गाडी घरच्या मालाला आणि भाड्याला अशी दोन्हीकडे चालते. एरवी आठवड्यातून दोन वेळा इंदूरची खेप असायची: सांगवी, पळासनेर, मग भरल्या गाडीने बिजासन घाट, सेंधवा आणि पुढे. या उन्हाळ्यात मात्र इंदूरचं भाडं सुटलं आणि गाडी घरच्याच कामाला लागली. मळ्यातून पॅकिंगच्या शेडपर्यंत सहा-सात किलोमीटर, दिवसाला आठ-दहा फेऱ्या. घड चढवेपर्यंत इंजिन चालूच. धुळीचा रस्ता, दुसरा-तिसरा गिअर, वेग तीसच्या आत.

तक्रारी तीन होत्या. पॅनलवर सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा दिवा दर तीन-चार दिवसांनी लागत होता. ऑइल "वाढत" होतं. आणि मे महिन्यात एकदाच जी इंदूरची खेप झाली, तिच्यात घाट चढून वर बिजासन मातेच्या मंदिराजवळ गाडी थांबवली तेव्हा आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकला. तिसरी तक्रार जिभाऊंनी अगदी सहज सांगितली. मला मात्र तिचीच धास्ती वाटली.

आजवर काय काय घातलं गेलं

जुनी बिलं जिभाऊंनी डॅशबोर्डच्या खणात जपून ठेवली होती, त्यामुळे माग काढता आला. पहिली काही सर्व्हिसिंग कंपनीच्या सेंटरला झाली, तिथे ५डब्ल्यू-३० ऑइल पडलं. वॉरंटी संपल्यावर गाडी हायवेवरच्या मिस्तरींकडे जाऊ लागली. त्यांनी १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचं (डिझेल इंजिनाच्या ऑइलचं एक मानक) ऑइल घातलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "खान्देशना उन्हामा पातळ ऑइल टिकत नही." मिस्तरी अडाणी नाहीत. तीस वर्षं ट्रॅक्टर, जुन्या जीप आणि टेम्पोंची इंजिनं त्यांनी याच ऑइलवर धडधाकट ठेवली आहेत, आणि त्या इंजिनांना ते योग्यच होतं.

त्यानंतर जाळीचा दिवा लागायला लागला. जिभाऊंना वाटलं की ऑइलच हलकं पडलं असेल, म्हणून एका दुकानात जाऊन त्यांनी "सगळ्यात भारी" ऑइल मागितलं. दुकानदाराने ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक दिलं. नंबर कंपनीच्या सेंटरवाल्या ऑइलचाच, किंमत त्याहून जास्त. सीटखाली त्याच डब्यात अर्धा-पाऊण लिटर ऑइल उरलेलं होतं. मी डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली: एपीआय एसपी, आयएलएसएसी जीएफ-६. डिझेलचं एकही मानक त्यावर नव्हतं. ते पेट्रोल कारचं ऑइल होतं, आणि पेट्रोल कारसाठी उत्तम होतं.

डिझेल कुठून येतं

बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि या गटातल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी आली. तिला डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की इंजिनचा संगणक ती जाळून टाकायला निघतो. त्यासाठी जाळीत सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते. ती मिळवायला अनेक इंजिनांत पिस्टन खाली जाऊ लागल्यावर थोडं जादा डिझेल सिलिंडरमध्ये फवारलं जातं. हे डिझेल सिलिंडरमध्ये जळण्यासाठी नसतं, ते पुढे धुराच्या वाटेवर जाऊन उष्णता करतं. पण त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि रिंगांवरून ओघळत चेंबरमध्ये उतरतं.

हायवेवर हे काम वीसेक मिनिटांत उरकतं, आणि ऑइल तापलेलं असल्यामुळे उतरलेल्या डिझेलपैकी काही उडूनही जातं. सहा किलोमीटरच्या फेरीत जाळणं सुरू होतं आणि अर्ध्यावर तुटतं. पुढच्या फेरीत पुन्हा सुरू, पुन्हा तुटतं. प्रत्येक वेळी डिझेल खाली उतरतच राहतं.

ड्रायव्हर पोरगा बाजूला उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "दिवा लागना का मी गाडी बंद करी देस." इंजिन वाचवायलाच तो हे करत होता. लाल दिवा लागला की गाडी बंद करायची, हे त्याला कुणीतरी नीट शिकवलं होतं. पिवळ्या दिव्याचा अर्थ मात्र कुणी सांगितला नव्हता: आत जाळणं चालू आहे किंवा व्हायला हवं आहे, गाडी चालवत राहा.

इंजेक्टर गळत असेल तरीही डिझेल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ती शंका आधी फेडून घेतली. सकाळी गार इंजिन सुरू करताना पांढरा धूर नव्हता. चारही इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल बाटल्यांत धरलं, पातळी सारखी. संगणक प्रत्येक सिलिंडरच्या डिझेलमध्ये करत असलेली कमी-जास्तही स्कॅनरवर चारही सिलिंडरना जवळपास सारखीच दिसली. अर्धवट राहिलेल्या जाळण्यांची रांग मात्र स्कॅनरवर लांबलचक होती.

पातळ म्हणजे किती पातळ

चोळून आणि वास घेऊन अंदाज येतो, आकडा येत नाही. एका मित्राच्या पॉलिटेक्निकमध्ये ऑइलचा घट्टपणा मोजायचा रेडवूड व्हिस्कोमीटर आहे. साधं यंत्र: पाण्याच्या वेढ्यात पितळी कप, कपाच्या बुडाला बारीक भोक, त्यावर गोळी. ऑइल ४० डिग्रीला आणायचं, गोळी उचलायची आणि खालच्या बाटलीत ५० मिलिलिटर जमा व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पहिल्यांदा डब्यातलं उरलेलं कोरं ऑइल लावलं. धार आधी सुतासारखी, मग बाटलीच्या मानेशी येता येता सुस्तावली. ४ मिनिटं १२ सेकंद. मग चेंबरमधलं काळं लावलं. २ मिनिटं ५१ सेकंद. जिभाऊ घड्याळाकडे बघत होते. त्यांनी पुन्हा एकदा करायला लावलं, फरक दोन-तीन सेकंदांचा पडला.

हिशेब मांडला तर ऑइलमध्ये सात-आठ टक्के डिझेल होतं. ६ लिटरमध्ये अर्ध्या लिटरच्या आसपास. काजळीमुळे ऑइल उलट घट्ट होतं, त्यामुळे खरं प्रमाण थोडं जास्तही असू शकेल. ३० नंबरचं ऑइल इंजिनाच्या तापमानाला २० नंबरच्या घरात येऊन पोचलं होतं. घाट चढून आल्यावर आयडलवर प्रेशरचा दिवा का लुकलुकला, ते इथे उलगडलं.

दोन ५डब्ल्यू-३०मधला फरक

आता मुद्द्याचं. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० या आकड्यांत दोन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा: ५डब्ल्यू ऑइलवर इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३० डिग्रीला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला. धुळ्याच्या कडाक्याच्या थंडीतही पारा शून्याच्या वरच असतो, म्हणजे या आकड्याची आपल्याकडे कसोटी लागतच नाही. गार सकाळी टर्बोपर्यंत ऑइल लवकर पोचतं, एवढा फायदा धरावा.

दुसरा आकडा १०० डिग्रीचा. ३० म्हणजे त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. इथेच "खान्देशचं ऊन" मध्ये येतं. बाहेर ४५ डिग्री आहे म्हणून घट्ट ऑइल हवं, असं सगळ्यांनाच वाटतं. पण इंजिनचं पाणी थर्मोस्टॅट सांभाळतो, आणि चेंबरमधलं ऑइल हिवाळ्यातही शंभराच्या आसपास असतं. हवेतला फरक ऑइलपर्यंत बराच बोथट होऊन पोचतो. ऑइलला खरा ताप होतो तो चढावर दीड टन माल ओढताना, टर्बोच्या बेअरिंगमध्ये आणि क्रँकच्या बेअरिंगमध्ये.

त्या जागी काय होतं ते डब्याच्या पुढच्या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी असते: १५० डिग्रीला, दोन पृष्ठभाग एकमेकांवरून प्रचंड वेगाने सरकत असताना ऑइलचा थर किती जाड राहतो. पेट्रोलच्या जीएफ-६ दर्जाच्या ५डब्ल्यू-३० ऑइलला तिथे २.९ हा आकडा पुरतो. तशा ऑइलने इंधन वाचतं, आणि त्या इंजिनांचं डिझाइनच तसं असतं. डिझेलच्या जाळीसाठी बनलेल्या एसीईए सी३ (युरोपातल्या वाहन कंपन्यांचं मानक) दर्जाच्या ५डब्ल्यू-३० ला किमान ३.५ लागतात. दोन्ही डबे ५डब्ल्यू-३०, दोन्ही फुल सिंथेटिक, आणि बेअरिंगमधल्या थरात एवढी तफावत. जिभाऊंच्या इंजिनात आधीच कमी जाडीचं ऑइल होतं, त्यावर अर्धा लिटर डिझेल पडलं.

फुल सिंथेटिक हे शब्द ऑइल कशापासून आणि कसं बनलं ते सांगतात. कोणत्या इंजिनासाठी, ते सांगत नाहीत. त्यातही १९९९ मध्ये अमेरिकेत जाहिरातींच्या एका वादाचा निकाल लागला आणि भारी प्रक्रिया केलेल्या खनिज तेलालाही सिंथेटिक म्हणायची वाट मोकळी झाली. सिंथेटिकचा गुण खोटा नाही. ते उष्णतेने लवकर जळकट होत नाही आणि कमी उडतं. सी३ दर्जात २५० डिग्रीला तासभर तापवल्यावर १३ टक्क्यांहून जास्त उडालेलं चालत नाही. घाट चढणाऱ्या टर्बो इंजिनाला याचा उपयोग होतोच.

राख

मिस्तरींच्या १५डब्ल्यू-४० ला थराची अडचण नव्हती. तिथे अडचण राखेची. ऑइलमधल्या स्वच्छ ठेवणाऱ्या, आम्ल मारणाऱ्या आणि झीज रोखणाऱ्या द्रव्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त असतं. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल नेहमीच जळतं आणि या धातूंची राख होऊन जाळीत जाऊन बसते. काजळी पेटवून देता येते. राख पेटत नाही, ती गाडीच्या आयुष्यभर साठत राहते.

सीआय-४ मानकात राखेवर मर्यादाच नाही, सर्वसाधारणपणे ती सव्वा-दीड टक्का असते. त्याच मालिकेतल्या पुढच्या सीजे-४ पासून, म्हणजे २००६ नंतर, १ टक्क्याची मर्यादा आली आणि सीके-४ मध्येही तीच आहे. एसीईए सी३ मध्ये ०.८ टक्के. इंजिन दहा हजार किलोमीटरमध्ये अर्धा लिटर ऑइल जाळतं असं धरलं, तर १.४ टक्क्यांच्या ऑइलने जाळीत सहा ग्रॅम राख जाईल आणि सी३ ने साडेतीनच्या आत. एका बदलीने जाळी चोंदत नाही. म्हणून मिस्तरींच्या ऑइलनेच दिवा लागला असं मी म्हणत नाही, तो छोट्या फेऱ्यांनी लागला. पण दोन लाख किलोमीटर गाडी त्याच ऑइलवर चालवली असती तर जाळीचा खर्च लवकर अंगावर आला असता.

कमी राखेच्या ऑइलात आम्ल मारायची ताकदही कमी असते, मग ते हलकं नाही का, असं मिस्तरींनी विचारलं. चांगला प्रश्न होता. ती जास्तीची ताकद लागायची डिझेलमधल्या गंधकामुळे. बीएस-४च्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत ५० भागांपर्यंत चालायचं, बीएस-६मध्ये १० वर आलं. आम्लच कमी तयार होतं.

मग कोणतं

गाडीचं पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये कोऱ्या प्लॅस्टिकमध्येच होतं. त्यात लिहिलेलं: ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३. खाली बारीक टीप, कायम उष्ण भागात ५डब्ल्यू-४० सी३ चालेल. आणि आणखी खाली, धूळ, घाट, जड माल किंवा थांबत-थांबत चालणं असेल तर १५,००० ऐवजी निम्म्या अंतरावर ऑइल बदला. जिभाऊंच्या गाडीला यातलं सगळंच लागू होतं.

सीके-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० हाही विचार झाला. स्वस्त, सगळीकडे मिळतं, थर चांगला जाड. पुस्तकात त्याचं नाव असतं तर मी तेच सुचवलं असतं. ते नव्हतं, आणि राखेची मर्यादाही सी३पेक्षा सैल. उरले दोन सी३. १५० डिग्रीच्या चाचणीत दोघांनाही किमान ३.५ची अट आहे, तरी मी ५डब्ल्यू-४० कडे झुकलो. कारण एकच: या गाडीत हंगामात थोडंफार डिझेल उतरणारच, आणि ४० नंबरचं ऑइल पातळ होत होत ३० वर येतं, ३० नंबरचं २० वर. फक्त हायवेला चालणारी गाडी असती तर ५डब्ल्यू-३० सी३ वर मी समाधानी राहिलो असतो.

सीआय-४च्या तुलनेत एका बदलीमागे दोन-अडीच हजारांचा फरक पडला. शिवाय बदली निम्म्या अंतरावर. जिभाऊंनी बोटांवर हिशेब केला, जाळीची किंमत विचारली आणि गप्प बसले.

खरेदीच्या वेळी डब्याची सील, झाकणाखालचा पडदा आणि कंपनीच्या कोडची मोबाइलवर तपासणी हे सगळं केलं. भारी ऑइलचे रिकामे डबे भंगारातून फिरून पुन्हा भरले जातात, म्हणून आमचे दोन्ही डबे मी पेचकसाने भोकं पाडूनच टाकले.

बदलताना घाई केली नाही. गाडी हायवेवर दहिवदपर्यंत नेऊन आणली, ऑइल कडक तापलेलं असताना ड्रेन बोल्ट काढला आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत अर्धा तास थांबलो. फिल्टर नवा. पातळी वरच्या खुणेच्या थोडी खालीच ठेवली, म्हणजे वाढ झाली तर लगेच दिसेल. ड्रायव्हरला सांगितलं: पिवळा दिवा लागला की माल उतरवून गाडी हायवेला घे, चौथ्या गिअरमध्ये पन्नास-साठने वीस मिनिटं. लाल दिवा लागला तर मात्र आहे तिथेच बंद कर. घड चढवताना इंजिन बंद ठेव, पण घाट चढून आल्यावर मिनिटभर आयडलवर राहू दे, टर्बो थंड होतो.

ऑगस्टमध्ये ५,००० किलोमीटर झाल्यावर नमुना पुन्हा पॉलिटेक्निकला नेला. नव्या ऑइलला साडेपाच मिनिटं लागली होती, वापरलेल्याला ४ मिनिटं ५० सेकंद लागली. डिपस्टिकवरची पातळी जागेवरच. जाळीचा दिवा महिन्याभरात एकदा लागला होता, आणि पोराने तो नियमाने घालवला होता. इंदूरची खेपही पुन्हा सुरू झाली. बिजासनला लाल दिवा दिसला नाही.

गेल्या आठवड्यात मिस्तरींचा फोन आला. "मास्तर, २०१८नी पिकअप येल शे. तेच सी३ टाकू का?"

"जाळी आहे का तिला?"

"जाळी नही."

"पुस्तकात काय लिहिलंय?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "१५डब्ल्यू-४०. सीआय-४."

"मग तेच टाका."